काकांना पक्ष्यांवालंच ऑफिस हवं होतं

लिनक्सवर सॉफ्टवेअर टाकणं आता एकदम सोपं झालंय असं सांगणारे लोक खोटं बोलत नाहीत, पण ते नेहमी त्याच्या सॉफ्टवेअर स्टोअरच्या यादीत असलेलंच सॉफ्टवेअर टाकून दाखवतात. शोधलं, बटण दाबलं, पासवर्ड दिला, झालं. खरी मजा सुरू होते ती आपल्याला हवं ते त्या यादीत नसलं की.

आमच्या साताऱ्याच्या काकांच्या म्हाताऱ्या लॅपटॉपवर मी उबुंटू २२.०४ नावाचं लिनक्स टाकून दिलेलं. त्यात लिब्रेऑफिस, म्हणजे पत्रं-हिशेब लिहायचं सॉफ्टवेअर, आधीपासूनच असतं, म्हणजे खरं तर विषय तिथेच संपायला हवा होता. पण काका रिटायर होईपर्यंत कॉलेजच्या ऑफिसात ओपनऑफिस या तसल्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरवर बसलेले, निळ्या गोलात पांढरे पक्षी उडतायत ते चित्र दिसलं की त्यांचा हात आपोआप माउसकडे जायचा. आता ते वाचनालयाचे सेक्रेटरी, दर सभेचं इतिवृत्त लिहायचं असतं, आणि ते लिहायला त्यांना पक्षीच हवेत. मी म्हटलं, "अहो काका, दोन्ही एकाच घरातली आहेत, सगळं तसंच आहे." तर म्हणाले, "तसंच असेल तर मग तेच का नको?" यावर काय बोलणार.

घराणं मात्र खरंच एक आहे. मार्को बोरिस नावाच्या जर्मन पोराने १९८५ साली, मिसरूड फुटायच्या वयात स्टारडिव्हिजन नावाची कंपनी काढली, तिचं स्टारऑफिस १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने विकत घेतलं आणि २००० मध्ये त्याचा सोर्स कोड खुला केला, तेच ओपनऑफिस. पुढे २०१० मध्ये सन गेली ओरॅकलकडे, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात बरीच मंडळी वेगळी निघाली, डॉक्युमेंट फाउंडेशन काढलं आणि लिब्रेऑफिसची चूल मांडली. मागे उरलेलं ओपनऑफिस ओरॅकलने दुसऱ्या वर्षी अपाचे या संस्थेला देऊन टाकलं. म्हणजे सरळसरळ भाऊबंदकी. उबुंटूने २०११ पासून धाकट्याला घरात घेतलं, त्यामुळे थोरल्याला आणायचं तर आपण स्वतः जाऊन आणावं लागतं.

काकांनी मी सांगायच्या आतच ओपनऑफिसची फाइल डाउनलोड करून ठेवलेली. राइट क्लिक करून उलगडली, आत डेब्स नावाचं फोल्डर, त्यात डेब फायलींचा, म्हणजे उबुंटूवर सॉफ्टवेअर बसवायच्या फायलींचा, ढीग. कुठल्या फाइलवर डबल क्लिक करायचं हा त्यांचा पहिला प्रश्न आणि तो अगदी रास्त आहे, कारण उत्तर आहे की एकीवरही नाही. फोल्डरमध्येच राइट क्लिक करून टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडायला लावला, म्हणजे फोल्डरचं नाव टाइप करताना मोठा डी की छोटा डी या भानगडीतून तरी सुटका, आणि मग फोनवर कमांड सांगायला घेतली. सुडो म्हणजे मालकाच्या हक्काने, डीपीकेजी म्हणजे डेब फायली बसवणारा प्रोग्राम. तुम्ही कधी कोणाला फोनवर सुडो डीपीकेजी सांगितलंय का? "सुडो, मग स्पेस, मग डीपीकेजी, सगळं छोट्या लिपीत." "स्पेस म्हणजे मोकळी जागा ना?" "हो काका. मग परत स्पेस, मग आडवी रेघ, शून्याच्या शेजारची, खालची नाही मधली, तिला चिकटून आय." "आय की एल?" "आय, आय, इंडियातला. मग स्पेस, मग आठच्या डोक्यावरचा स्टार, टिंब, डेब." एंटर मारल्यावर पासवर्ड मागितला आणि काका गप्प. जरा वेळाने, "अरे काहीच उमटत नाहीये, कीबोर्ड गेला वाटतं." टर्मिनलमध्ये पासवर्ड टाइप करताना एक टिंबसुद्धा दिसत नाही हे आधी सांगायला कोणालाच कसं सुचत नाही देव जाणे, आणि ही गोष्ट नव्या माणसाला जेवढी घाबरवते तेवढं दुसरं काही घाबरवत नाही.

पासवर्ड बसला तर म्हणे कुलूप आहे, दुसरी कोणती तरी प्रोसेस आधीच काम करतेय. उबुंटू मागच्या मागे आपले सिक्युरिटी अपडेट घेत बसलेलं असतं, तेव्हा दुसऱ्याला आत येऊ देत नाही. इंटरनेटवर यावर ती कुलपाची फाइलच डिलीट करा असले सल्ले पडलेले असतात, ते अजिबात ऐकायचे नाहीत, चहा प्यायला जायचं. काका गेले. परत आले तोवर कुलूप निघालेलं, कमांड चालली, ओळींमागून ओळी पळाल्या, काका खूश.

पण मेनूत पक्षी नाहीत! कारण मेनूतलं चित्र आणणारी डेब फाइल वेगळी असते, डेस्कटॉप इंटिग्रेशन नावाच्या आतल्या फोल्डरमध्ये. ती टाकायला गेलं की डीपीकेजी अडतं आणि जे सांगतं ते मी काकांना अक्षर अक्षर वाचायला लावलं. ही फाइल यूएसआर बिन या फोल्डरमधल्या सॉफिस या फाइलवर स्वतःची फाइल चढवायला बघतेय, आणि ती फाइल तर लिब्रेऑफिस कॉमन या पॅकेजची आहे. सॉफिस म्हणजे एस आणि ऑफिस, स्टारऑफिसच्या काळापासून चालत आलेलं नाव. वाटण्या होऊन इतकी वर्षं झाली तरी दारावरची पाटी दोघांनाही वडलांच्याच नावाची हवी आणि दार एकच.

लिनक्सची एरर दिसायला भयंकर असते पण नीट वाचली तर बहुतेक वेळा सरळ कारण सांगते, कोणाची फाइल, कोण चढवतंय, सगळं. काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा असं गुळमुळीत बोलण्यापेक्षा मला हे कधीही चालेल. इथेही फोर्स ओव्हरराइट करून, म्हणजे जबरदस्तीने फाइल चढवून, मोकळे व्हा म्हणणारे भेटतात. होतं त्याने, पण ती फाइल मग ओपनऑफिसची होऊन बसते, आणि उद्या ओपनऑफिस काढलं की तिच्याबरोबर लिब्रेऑफिसचा सॉफिसवाला रस्ताही बंद.

त्यापेक्षा ती मेनूवाली फाइल सोडूनच दिली. प्रोग्राम स्वतः ऑप्ट फोल्डरमध्ये ओपनऑफिस४ या नावाने व्यवस्थित बसलेला होता, तिथल्या सॉफिसकडे बोट दाखवणारी चार ओळींची डेस्कटॉप फाइल, म्हणजे मेनूत चित्र आणणारी, करून मी काकांना मेल केली, ती कुठल्या फोल्डरमध्ये टाकायची ते सांगितलं, आणि पक्षी आले.

मग मराठी. देवनागरी टाइप होत होतं पण फॉन्ट मोठा करून सेव्ह केलेल्या स्टाइलचा अक्षरांवर काही परिणामच नाही. स्टाइलमध्ये फॉन्टचे दोन कप्पे असतात, वरचा इंग्रजीसारख्या लिप्यांचा आणि दुसरा सीटीएलचा, म्हणजे जोडाक्षरांसारखी गुंतागुंत असलेल्या लिप्यांचा, देवनागरी त्या दुसऱ्यात मोडते. शिवाय तो कप्पा दिसायला भाषेच्या सेटिंगमध्ये आधी टिक करावी लागते. हे शोधण्यात काकांचा बराच वेळ गेला पण त्यांनी ते स्वतः शोधलं, मला विचारलं नाही.

आता अडचण एवढीच की ओपनऑफिस डॉकएक्स, म्हणजे मायक्रोसॉफ्ट वर्डची फाइल, उघडतं पण त्यात सेव्ह करत नाही, आणि वाचनालयाच्या अध्यक्षांना डॉकएक्सच लागतं. त्यामुळे काका इतिवृत्त पक्ष्यांत लिहितात आणि पाठवायच्या वेळी लिब्रेऑफिसमध्ये उघडून डॉकएक्स करतात. मी म्हटलं, काका, मग सरळ त्यातच लिहा की पहिल्यापासून. तर म्हणाले, "आणि ते दोन कप्पे परत कोण लावत बसणार, तू?"