उघडिपीचा दिवस

मी वाईत फिजिओथेरपीचे छोटे क्लिनिक चालवते. मृगाचा पाऊस सुरू झाला की माझ्याकडची गर्दी वाढते आणि "मॅडम, आभाळ भरून आलं की सांधे बोलायला लागतात" हे वाक्य दिवसातून चार-पाच वेळा ऐकू येते. इतक्या वर्षांत त्याची इतकी सवय झाली होती की ते ऐकता ऐकताच माझा हात शेकाच्या पिशवीकडे जात असे. दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणातल्या एका शनिवारी मात्र एका शाळेच्या वहीने या सवयीला खीळ घातली, आणि तीही माझ्याच एका सल्ल्याकडे बोट दाखवून.

त्या वहीच्या मालकीणबाई पाचगणीच्या एका निवासी शाळेत कार्यालयीन काम करतात आणि रोज वाईहून एसटीने पसरणीचा घाट चढून जातात. वय त्रेचाळीस. मान, खांदे, कंबर, मांड्या असे सगळे अंग ठणकत असताना त्यांनी तीन वर्षे तपासण्यांत घालवली होती. एक्स-रे, संधिवाताच्या रक्ततपासण्या, थायरॉइड, चिकनगुनिया असे करता करता फाइल जाड होत गेली आणि प्रत्येक कागदाच्या तळाशी 'नॉर्मल' एवढेच येत राहिले. घरातल्यांना त्या शब्दाचा अर्थ 'काही झालेले नाही' असा वाटू लागला होता. अखेर पुण्याच्या संधिवाततज्ज्ञांनी फायब्रोमायल्जियाचे निदान केले. पूर्वी या आजारासाठी अंगावरच्या ठरावीक १८ जागा अंगठ्याने दाबून पाहत आणि त्यांतल्या ११ दुखल्या तर निदान पक्के मानत. २०१० नंतरच्या निकषांत शरीराच्या १९ भागांपैकी किती भागांत दुखते, झोपून उठल्यावर ताजेतवाने वाटते का, साधी गोष्ट लक्षात राहते का, याचा हिशेब मांडतात. स्नायू किंवा सांधा बिघडलेला नसतो. वेदनेची वर्दी देणारी यंत्रणाच अतिसंवेदनशील झालेली असते, आणि म्हणून ती कोणत्याही रिपोर्टात सापडत नाही.

मे महिन्यात त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला होता. "पावसाळ्याचे चार महिने मी नोकरी कशी करू, ते सांगा." पाऊस आला की दुखणे वाढते याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. खरे सांगायचे तर माझ्याही नव्हती. या विषयावरचे अभ्यास मात्र एवढे ठाम बोलत नाहीत. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासात फायब्रोमायल्जियाच्या ३३३ स्त्रियांनी २८ दिवस रोज नोंदी ठेवल्या, तेव्हा हवामानाचा परिणाम एकूणात अगदी थोडा दिसला. मँचेस्टर विद्यापीठाने २०१६ मध्ये जुनाट दुखण्याच्या लोकांकडून मोबाइलवर रोजच्या नोंदी घेतल्या. त्यात दमट, वाऱ्याच्या आणि हवेचा दाब कमी असलेल्या दिवशी दुखणे वाढल्याचे आढळले, पण तेही माफकच. म्हणून मी त्यांना शाळेच्या वहीत रोज पाच रकाने भरायला सांगितले. सकाळी घरून निघताना दुखणे दहापैकी किती, शाळेत पोचल्यावर किती, रात्री किती तास झोप लागली, किती चालणे झाले आणि आभाळ कसे होते. उजवीकडच्या समासात त्यांनी दिवसभरातली कामे आपणहून लिहायला घेतली. "हल्ली काही लक्षात राहत नाही, म्हणून टिपून ठेवते," एवढेच त्याचे कारण.

त्या शनिवारी बाहेर पावसाची रिपरिप चालली होती. पुढचा रुग्ण आला नाही म्हणून आम्ही दोघींनी दहा आठवड्यांची वही टेबलावर उलगडली. ओल्या बोटांनी हाताळल्यामुळे पानांचे कोपरे फुगले होते, आणि आभाळाच्या रकान्यात त्यांनी शब्दांऐवजी ढग, थेंब आणि सूर्य काढलेले होते.

आधी माझी नजर पहिल्या दोन रकान्यांवर गेली. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटरवर आहे आणि पाचगणी सुमारे तेराशे मीटरवर. घाट चढताना कानांना दडे बसतात ते उगीच नाही, कारण त्या अर्ध्या-पाऊण तासात हवेचा दाब पन्नासहून अधिक हेक्टोपास्कलने उतरतो. पावसाळी ढग येण्याने होणारा फरक सहसा चार-पाच हेक्टोपास्कलचा असतो. दाब उतरण्यानेच अंग ठणकत असेल, तर या बाईंना रोज सकाळी शाळेच्या फाटकात रडू फुटायला हवे होते. वहीत मात्र निघताना चार आणि पोचल्यावर चार, निघताना पाच आणि पोचल्यावर पाच असेच पान भरले होते. ही काही प्रयोगशाळेतली कसोटी नव्हे आणि एका बाईच्या वहीवरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे मला कळते. तरीही दाबाचे स्पष्टीकरण मी इतकी वर्षे ज्या सहजतेने देत आले होते, ती सहजता त्या क्षणी गळून पडली.

मग मी लाल पेन घेऊन सात किंवा त्याहून जास्त गुणांच्या दिवसांभोवती गोल काढत गेले. अकरा गोल झाले. ते बहुतेक थेंबांच्या ओळीत होते, म्हणजे पावसाच्याच दिवशी, त्यामुळे बाईंनी "बघा, म्हटलं नव्हतं?" अशा नजरेने माझ्याकडे पाहिले. पण सलग सहा-सात दिवस झड लागली होती, त्या आठवड्यात एकही गोल नव्हता. आठ गोलांच्या आदल्या किंवा त्याआधीच्या दिवशी सूर्य काढलेला होता. मी त्या सूर्यासमोरचा समास मोठ्याने वाचायला लागले. "साचलेले धुणे. चार चादरी. तांदळाला ऊन. माळा झाडला." दुसऱ्या सूर्यासमोर, "मुलांचे बूट, दप्तरे धुतली. गाद्या गच्चीवर." ऊन पडले की आठवडाभराचे काम एका दिवसात उरकायचे, रात्री अंग भरून यायचे, झोप उडायची, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखण्याने डोके वर काढेपर्यंत पाऊस परत आलेला असायचा. आळ त्याच्यावर जायचा.

तिसऱ्या सूर्याशी मी अडखळले. तिथे त्यांच्या सुबक अक्षरात लिहिले होते, "मॅडम म्हणाल्या, ऊन आहे तोवर चालून घ्या. ४० मिनिटे चालले." पुढच्या दिवशीचा आकडा नऊ होता, आणि त्याच्या पुढे 'रजा'.

तो सल्ला मीच फोनवर दिला होता. या आजारात व्यायामाइतका भक्कम पुरावा दुसऱ्या कोणत्याच उपायाला नाही, अशी युरोपीय संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेची २०१७ ची शिफारस आहे, आणि ती मला पाठ होती. पण तो व्यायाम थोडा, रोजचा आणि सावकाश वाढवत नेलेला असावा, हे मी स्वतःच्या तोंडाने शंभर जणांना सांगितलेले असताना, ऊन दिसताच मलाही घाई झाली होती. मी त्यांना तसे सांगितले आणि माफी मागितली. त्या जराशा संकोचल्या आणि म्हणाल्या, "अहो, तुम्ही काय करणार? ऊन बघितलं की कुणालाही तसंच होतं."

त्यानंतरचे बदल साधेच होते. पाऊस असो वा ऊन, दुपारच्या सुट्टीत आणि शाळा सुटताना शाळेच्या लांब व्हरांड्यात दहा-दहा मिनिटे चालायचे. एसटीत ओल्या काचेजवळ बसायचे नाही आणि पिशवीत कोरडे मोजे ठेवायचे. उन्हाच्या दिवशी एकच मोठे काम. या शेवटच्या कलमासाठी मला त्यांच्या सासूबाईंना वहीसकट क्लिनिकमध्ये बोलवावे लागले. त्यांनी गोल मोजले, सूर्य मोजले आणि सुनेकडे न पाहता विचारले, "मग चादरी कोण धुणार?" थोड्या वेळाने म्हणाल्या, "दोन ह्याला सांगते." 'ह्याला' म्हणजे मुलाला.

दुखणे गेलेले नाही. उरलेल्या तीन गोलांचा उलगडाही मला झालेला नाही. त्यांतले दोन दिवस तर वळवाच्या विजा कडाडण्याआधीचे आहेत, आणि त्या नोंदी करताना आभाळ निरभ्र होते. तिथे मी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे.

त्या वर्षी नवरात्राच्या आधी, आमच्याकडे घरोघरी गोधड्या धुवायला निघतात त्या दिवसांत, मी सकाळी कृष्णेच्या घाटावरून चालले होते. घाटाच्या पायऱ्या रंगीबेरंगी गोधड्यांनी झाकल्या होत्या आणि ऊन चांगलेच तापले होते. या बाई खालच्या पायरीवर होत्या. त्यांचे यजमान गुडघाभर पाण्यात उभे राहून एक भली मोठी गोधडी पिळत होते आणि त्या तिचे दुसरे टोक नुसते धरून होत्या. मला पाहून त्यांनी मोकळ्या हाताचे एक बोट वर केले. "आजची एकच," त्या म्हणाल्या, "अजून पाच आहेत घरी."