पावसाळी मॅक्रो : चमक गेली, सोबत बेडूकही गेला

जवळून काढलेल्या (मॅक्रो) फोटोत ओल्या कातडीवर येणारी फ्लॅशची चमक मारली, आणि पूर्ण मारली. आंबोलीच्या या फेरीत ग्लायडिंग फ्रॉग या बेडकाच्या ओल्या पाठीवर एकही पांढरा डाग आला नाही. फोटो मात्र बघवत नाही. म्हणून हा अपडेट.

माझा फ्लॅशवरचा ‘डबा’ जुन्या मंडळींना माहीत आहेच: वाकवलेली फोम शीट, पुढे बटर पेपरचे दोन थर, लेन्सच्या टोकापर्यंत आलेला, प्रकाश मऊ करणारा डिफ्यूझर. कोळी, नाकतोडे, बुरशी यांच्यासाठी तो अजूनही झकास. घोडं अडतं ते ओल्या कातडीपाशी. पाठीवरच्या प्रत्येक थेंबात अख्खा डबा उमटतो. डिफ्यूझर मोठा केला तर डाग मऊ होतो, पसरतो, पण जात नाही. घरी ढोबळी मिरचीवर पाणी मारून जे दिसलं तेच तिथे पानावर दिसलं.

म्हणून या वेळी क्रॉस पोलरायझेशन. फ्लॅशपुढे पोलरायझिंग फिल्म (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणारी), लेन्सवर सीपीएल (तेच काम करणारा, फिरवता येणारा फिल्टर), दोघांचे अक्ष काटकोनात. पाण्याच्या थरावरून थेट परतणारा प्रकाश फिल्मने दिलेलं ध्रुवण (कंपनाची ती दिशा) टिकवून येतो, त्यामुळे सीपीएल त्याला अडवतो. कातडीत शिरून, विखरून बाहेर पडणारा प्रकाश ते हरवून बसतो, म्हणून त्यातला साधारण निम्मा आत येतो. उरतो तो निव्वळ रंग.

क्रमाकडे लक्ष द्या. फ्लॅशच्या तोंडावर फिल्म आणि तिच्यापुढे बटर पेपर लावलात तर मुसळ केरात. बटर पेपर प्रकाश विखरतो आणि ध्रुवण घालवतो. फिल्म सगळ्यात बाहेर हवी. त्यात आणखी एक फायदा, ट्यूबच्या उष्णतेने ती वाकडी होत नाही. तोटा एवढाच की तुकडा मोठा लागतो. ऑनलाइन मागवलेली शीट मला पसंत नाही. काटकोनातही तिच्यातून जांभळट प्रकाश झिरपतो, आणि दिसतो तो नेमका सगळ्यात प्रखर ठिपक्यात. पुण्यात तपकीर गल्लीच्या बाजूला रिपेअरवाल्याकडून निकामी एलसीडीवरची फिल्म आणली, ती कितीतरी सरस. गोंद काढताना जीव जातो ते सोडा. बटर पेपर आणि फोमसाठी अप्पा बळवंत चौक झिंदाबाद, त्यावर वाद नको.

सेटिंग विचारणार, म्हणून सांगतो. नुसता डबा असताना एफ/११, १/२००, आयएसओ ४००, फ्लॅशची ताकद १/१६. क्रॉस केल्यावर जवळपास तीन स्टॉप जातात (दर स्टॉपला प्रकाश निम्मा), म्हणून आयएसओ ८०० आणि फ्लॅश १/४. एफ/११ च्या पुढे मी जात नाही. १:१ ला (वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराची उमटते तेव्हा) प्रत्यक्षातलं अ‍ॅपर्चर एफ/२२ च्या आसपास पोचलेलं असतं आणि डिफ्रॅक्शन (छोट्या छिद्रातून प्रकाशाचं पसरणं) बारकावे खायला लागतं. १/४ ला फ्लॅशचं पुन्हा चार्ज होणं रेंगाळतं, सेल तापतात. फिल्मचा हलका हिरवट रंगही येतो, तेव्हा नंतर रंग दुरुस्त करायला ग्रे कार्डचा (करड्या पुठ्ठ्याचा) एक फोटो याच सेटअपमधून घेऊन ठेवा. फोकस टॉर्चही सीपीएलमधून मंद दिसते. ती वाढवली की बेडूक पाठ फिरवतो.

आता निकाल. चापडा साप लाजवाब! तपकिरी मलबारी चापडा, डोळा आणि नाकपुडीच्या मधला उष्णता टिपणारा खड्डा इतका स्वच्छ मला आजवर मिळालेला नाही. खवल्यांवरचा पांढुरका थर नाहीसा झाला आणि खालची नक्षी वर आली. तो फोटो मी मोठा करून पुन्हा पुन्हा बघतोय. (अंतर राखूनच काढलाय, जागा विचारू नका, सांगणार नाही.)

बेडूक मात्र रंग न दिलेल्या शाडूच्या मूर्तीसारखा आला. बोटांमधले नारिंगी पडदे, पाठीचा हिरवा, सगळं अचूक. पण ओल गेली, आणि मुख्य म्हणजे डोळ्यातला ठिपका गेला. डोळ्यात प्रकाश नाही तर तो जिवंत वाटतच नाही. चमक हा डाग होता खरा, पण पाऊस दिसत होता तो तिच्यामुळेच.

मग तिथेच सीपीएल थोडा फिरवला. काटकोनाऐवजी अक्षांत ६० अंश ठेवले तर चमकेतला साधारण चौथा हिस्सा आत येतो, कातडीचा विखुरलेला प्रकाश होता तेवढाच राहतो. म्हणजे ओल दिसते आणि रंग टिकतो. एका बुश फ्रॉगवर ते जमलं. डोळ्यात बारीक कड आली, पाठ ओली दिसली. डब्याच्या आत हात घालून पावसात सीपीएलची रिंग फिरवणं मात्र शिक्षा आहे. त्यावर उपाय म्हणून रिंगवर पांढऱ्या नेलपॉलिशच्या दोन खुणा केल्यात, ९० आणि ६०.

पुढचा बेत इथपर्यंत हाच होता, ६० अंश पक्के करायचे. पण हे लिहिता लिहिता सुचलं: डब्याच्या संपूर्ण तोंडाला फिल्म कशाला? वरच्या कडेला सेंटिमीटरभर पट्टी उघडी सोडली तर तेवढ्याच पट्टीचं प्रतिबिंब डोळ्यात येईल, बाकी चमक मेलेली राहील आणि सीपीएल काटकोनातच ठेवता येईल. डोळ्यातला ठिपकाही वरच्या बाजूला, आभाळाचा वाटावा असा पडेल. उघड्या पट्टीची चमक पाठीवरही उमटणार, पण अरुंद रेघेइतकीच. तेवढी ओल हवीच आहे.

आज रात्री डोळ्याच्या जागी काळा काचमणी आणि पाठीच्या जागी ओली मिरची शेजारी ठेवून दोन्ही पद्धती तपासतो. पट्टी जमली तर नेलपॉलिश पुसून टाकणार. तुमच्यापैकी कोणी एलसीडीच्या फिल्मचा गोंद ओरखडा न पाडता काढला असेल, तर कशाने काढला ते कळवा. दुसरा तुकडा कापायचा आहे.