जोंगा घेऊन नगरच्या रणगाडा संग्रहालयापर्यंत

लष्करातून लिलावात निघालेली जोंगा ही जुनी जीप दुरुस्त करून चालती झाली की पहिली लांबची फेरी कुठे मारायची, असं बरेच जण विचारतात. मी म्हणेन पुणे–नगर. सव्वाशे किलोमीटरच्या आत-बाहेर, वाटेत मोठा घाट नाही, आणि शिरूर, सुपा अशी थांबायला गावंही आहेत. फक्त वाघोली उजाडायच्या आत मागे टाका.

जोंगा म्हणजे ‘निस्सान पॅट्रोल’ या जपानी गाडीचा जबलपूरच्या कारखान्यात बनलेला अवतार. 3956 सीसीचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, लिटरला चार-पाच किलोमीटर. 2019 मध्ये धोनीने एक घेतली आणि तेव्हापासून विकणाऱ्यांचा तोरा वाढला, ते दुखणं वेगळंच.

जाताना पन्नास-साठच्या वेगात मजेत गेलो. खोळंबा झाला तो परतताना, भर दुपारी शिक्रापूरच्या चौकात. रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती. टेंपरेचरचा काटा मधल्या खुणेवरच होता, तरी इंजिनाने दोन-तीन आचके दिले आणि गप्प झालं. सेल्फ फिरतोय, पण गाडी पकडत नाही. बरोबर आलेल्या मिस्त्रींनी बॉनेट उघडून पेट्रोल फिल्टरच्या काचेच्या वाटीकडे बोट दाखवलं. आत पेट्रोल कमी, बुडबुडेच जास्त.

“वाफ धरलीय साहेब. उगाच सेल्फ मारून बॅटरी बसवू नका.”

पंपाला ओलं फडकं गुंडाळलं, वरून बाटलीने पाणी सोडत राहिलो. वाटी भरली, गाडी लागली.

इंजिनावरचा पंप टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढीच्या बाजूला दाब कमी असल्याने तापलेल्या नळीत पेट्रोल लवकर उकळतं, आणि पंप नुसती वाफ हापसत बसतो. कायमचा इलाज म्हणजे टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप, त्याला डॅशवर वेगळा स्विच, आणि पेट्रोलची नळी इंजिनाच्या तापणाऱ्या मॅनिफोल्डपासून लांब. हे काम करतानाच जुने रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्रॅम, म्हणजे आतला पडदा, बदला. आता पेट्रोल पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्यात जुनं रबर फुगतं. नवं घेताना इथेनॉलला टिकणारंच मागा.

विंच, एलईडीची पट्टी, छतावरचा कॅरिअर या हौसेला आधी पैसे घालू नका. त्यापेक्षा चारही चाकांच्या ब्रेक ड्रममधले व्हील सिलिंडर उघडून बघा. आणि ऑलिव्ह ग्रीन रंग कितीही आवडला तरी ठेवू नका. मोटार वाहन नियमांनुसार तो फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना चालतो. आमची मातकट पिवळी आहे.

संग्रहालयात निवांत फिरा. 1965 च्या युद्धात पकडलेले पॅटन रणगाडे सगळेच बघतात, पण आमचे मिस्त्री रोल्स-रॉइसच्या चिलखती गाडीपाशी खिळले. रणगाड्यांच्या साखळ्यांच्या पिना मात्र वाकून बघाच. आपल्या गाडीची देखभाल सोपी वाटायला लागते.

सोबत इग्निशनचे पॉइंट, कंडेन्सर, फॅनबेल्ट, नळीच्या क्लिपा आणि भरपूर पाणी ठेवा. किरकोळ सामान पुण्याच्या नाना पेठेत शोधा. जोंगाचेच खास भाग हवे असतील तर दिल्लीच्या मायापुरीच्या भंगार बाजारात ओळख काढावी लागेल, आणि पैसे पाठवण्याआधी जुन्या भागाशेजारी नवा ठेवून काढलेला फोटो मागवा.