हेड ठणठणीत, वायर गरम

बेस गिटारचा अँप्लिफायर दुरुस्तीला आणणारं गिऱ्हाईक बहुतेक वेळा फक्त हेडच आणतं, म्हणजे आवाज वाढवणारी इलेक्ट्रॉनिक पेटी. हल्लीची हलक्या क्लास-डी सर्किटची हेडं पाठीवरच्या सॅकमध्ये मावतात. कॅबिनेट, म्हणजे स्पीकरचं खोकं, कोण उचलणार, तेही लॅमिंग्टन रोडच्या गर्दीतून आणि माझ्या जिन्यावरून? त्यामुळे अर्धा आजार त्यांच्या घरीच राहतो आणि इथे आम्ही निरोगी माणसाची तपासणी करत बसतो.

हा मुलगा डोंबिवलीचा, जुन्या मराठी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवणारा. तक्रार अशी, की वीस-पंचवीस मिनिटं चांगलं चालतं, मग गाण्याच्या मधेच आवाज गप्प आणि लाल दिवा. बंद करून थोड्या वेळाने चालू केलं की पुन्हा ठीक. मी हेड चार ओहमच्या डमी लोडवर (स्पीकरच्या जागी लावायचा रेझिस्टर) जोडलं, ४१ हर्ट्झचा सिग्नल दिला (बेसच्या सगळ्यात जाड तारेचा सूर तोच) आणि बेताच्या पॉवरवर दुपारभर चालवत ठेवलं. दिवा हिरवाच. अशा वेळी उगाच दोन आयसी बदलून बिल फाडणारेही असतात. मी म्हटलं, "हेडला काही झालेलं नाही. कॅबिनेट आण, आणि वायरी पण. लावतोस त्याच."

"काका, वायरचं काय, वायरच ती."

आला तो थेट प्रयोगाच्या दिवशी सकाळी, टॅक्सीच्या डिकीत कॅबिनेट कोंबून. रात्री साडेआठला दादरला शिवाजी मंदिरात प्रयोग. चेहरा असा, की रात्रीचं जेवण आत्तापासूनच उतरत नव्हतं. दुकानातच सगळं मांडलं, जसं तो स्टेजवर मांडतो अगदी तसं. शेजारच्या मोबाइलवाल्याची माफी मागून त्याला वाजवायला बसवलं. मी मीटर हातात घेतला नाही, वायर हातात घेतली. मधली लांबी जेमतेम कोमट. पण कॅबिनेटकडच्या जॅकपाशी बोटं आणली आणि झटकन मागे घेतली. तिथे वायर दुमडली तसा आवाज खरखरला, मग गप्प. लाल दिवा.

वायर दिसायला जाडजूड होती, बाहेरचं रबर करंगळीएवढं. पण ती गिटारची वायर. ब्लेडने सोलली तर आत तांब्याच्या जाळीचं वेष्टन, त्याच्या आत इन्शुलेशन आणि त्याच्याही आत केसांसारख्या थोड्या तारा, मिळून जेमतेम पाव स्क्वेअर एमएम. जॅकच्या टाक्याजवळ त्यातल्या निम्म्याअधिक तुटलेल्या. उरलेल्या तीन-चार तारांनी सगळा करंट वाहायचा, म्हणून त्या तापायच्या. आतलं इन्शुलेशन मऊ पडायचं आणि जाळीची एखादी तार त्यातून आत शिरून मधल्या तारेला टेकायची. म्हणजे शॉर्ट. हेड बिचारं स्वतःला वाचवायला बंद व्हायचं. थंड झालं की तार सुटायची. मीटर लावून नुसतं टूं-टूं तपासलं असतं तर वायर सरळ असेपर्यंत पास झाली असती.

गिटारपासून हेडपर्यंत ही वायर योग्यच असते. तिथे व्होल्टचे अंश आणि नगण्य करंट, पण बाहेरचा हम लवकर शिरतो, म्हणून जाळी लागते. हेडपासून स्पीकरपर्यंत गोष्ट उलटी. ५०० वॉटचं हेड चार ओहमवर पूर्ण भरात असेल तर तारेतून ११ अँपिअरच्या आसपास करंट जातो. मी त्याला कागदावर करून दाखवलं: तीन मीटर गिटार वायर, मधली तार आणि जाळी मिळून साधारण ०.३ ओहम, म्हणजे भर आवाजात नुसत्या वायरीत ३५ वॉटच्या वर उष्णता. माझ्या टेबलावरची सोल्डरिंग आयर्न २५ वॉटची आहे. संगीत सतत भरात नसतं म्हणून वायर सगळीकडून वितळत नाही. जिथे कमजोर, तिथेच पेटते.

दोष खरं तर जॅकचा. पाव इंची जॅक गिटारलाही तोच आणि स्पीकरलाही तोच, त्यामुळे बॅगेतून जी हाताला येईल ती वायर बसते. शिवाय या हेडचं आउटपुट ब्रिज्ड आहे. दोन्ही टोकं चालती, अर्थिंगला जोडलेलं एकही नाही. जॅकची बाहेरची धातूची नळीसुद्धा त्यात आली. ती अर्थ झालेल्या लोखंडी रॅकला टेकली की पुन्हा शॉर्ट, वायर कितीही चांगली असो. नशीब, या हेडला मागे स्पीकॉनचं, म्हणजे खास स्पीकरसाठीच्या कनेक्टरचं, सॉकेट होतं आणि कॅबिनेटलाही. ते बंद भोकासारखं कोरं, कधी वापरलेलंच नाही.

मग दुपारी लोहार चाळ, वायरींचा बाजार. तांब्याची अडीच स्क्वेअर एमएम टू-कोअर फ्लेक्सिबल वायर, कॉइल नको, मोजून तीन मीटर. शेठने पहिल्यांदा काढली ती स्वस्तातली. टोक सोलून एका तारेवर ब्लेड घासलं तर लाल रंगाखाली पांढरं चमकलं. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपट, आणि वाकवत राहिलं की तुटते. मुलगा म्हणाला, "पण काका, टिन केलेली पण पांढरीच असते ना?" हुशार प्रश्न. कथिलाचा मुलामा असलेली तार बाहेरून पांढरी आणि घासल्यावर लाल, ही नेमकी उलटी. शेठ ऐकत होता. न बोलता दुसरी कॉइल काढली. तिचं वजनच हाताला सांगत होतं.

इथे एक सांगून टाकतो. ऑक्सिजन-फ्री, दिशेचे बाण छापलेल्या, मीटरमागे पगार मागणाऱ्या वायरी बेसला लागत नाहीत. अडीच एमएमच्या तीन मीटरचा जाऊन-येऊन रेझिस्टन्स ०.०४ ओहम, म्हणजे चार ओहमच्या एक टक्का. त्याहून खाली जाऊन कान काही पकडत नाही. पैसे घालायचे तर कनेक्टरमध्ये.

स्पीकॉन १९८७ सालचा, लिश्टेनश्टाइनच्या न्यूट्रिक कंपनीचा. सरकवायचा, पाव फेरा फिरवायचा, कटकन अडकतो. पाय अडकून वायर ओढली तरी सुटत नाही. व्हॉल्व्हच्या हेडांना तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण लोड सुटल्यावर त्यांचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. आतली धातू बोटाला लागत नाही आणि गिटारचा जॅक त्यात बसवायचा म्हटला तरी बसत नाही. नकली मालही ढीगभर मिळतो: खटका ढिला, आतल्या पत्त्यांना दम नाही. अस्सल दोन घेतले, चार पोलचे. मुलाने किंमत ऐकून वायरकडे पाहिलं. वायरपेक्षा कनेक्टर महाग पडले होते.

जोडणी त्यालाच करायला लावली. तारांच्या टोकाला सोल्डर लावू नकोस, म्हटलं. स्क्रूच्या दाबाखाली ते हळूहळू पसरतं आणि महिन्याभराने स्क्रू सैल होतो. पिनची थिंबल दाबून बसवली, लाल तार १+ ला, काळी १- ला, दुसरी जोडी रिकामी. मग पेन्सिल सेलची गंमत: सेलचा प्लस लालला, मायनस काळ्याला क्षणभर टेकवला, आणि कॅबिनेटच्या जाळीतून दिसणारा स्पीकरचा कोन (पडदा) बाहेर आला. आत गेला असता तर कुठेतरी उलटी जोडणी. एकट्या कॅबिनेटला त्याने फार बिघडत नाही, पण दोन असतील आणि एक उलटं, तर खालचे सूर एकमेकांना मारतात.

साडेसहाला शिवाजी मंदिरात विंगेत पोचलो. प्रेक्षकांना बेस ऐकू येतो तो डीआय बॉक्समधून (बेसचा सिग्नल थेट मिक्सरला देणारी डबी) हॉलच्या स्पीकरवर, त्यामुळे कॅबिनेट बंद पडलं तरी लोकांना लगेच कळत नाही. कळतं ते ढोलकीवाल्याला, कारण तो त्याच्यावर कान ठेवून असतो. मागच्या प्रयोगात त्यानेच सगळ्यांदेखत झापलं होतं म्हणे. आता तो येऊन नव्या वायरीकडे बघून गेला, बोलला काही नाही.

मध्यंतरात मी हात लावून पाहिला. दोन्ही कनेक्टर थंड, दिवा हिरवा. मुलगा खुशीत: "काका, आवाज पण किती घट्ट झाला!" मी म्हटलं, ०.३ ओहम गेल्याने अर्ध्या डेसिबलहून जरा जास्त फरक पडतो, बाकीचा तुझ्या जिवाचा घोर गेल्याचा. त्याला ते पटलं नाही. राहू दे.

त्या खुशीतच त्याने सांगितलं, कल्याणला एक सेकंडहँड कॅबिनेट स्वस्तात मिळतंय, आता वायर झाली म्हणजे दोन लावायला हरकत नाही. किती ओहमचं? चार. आणि हे असलेलं? तेही चार. मी त्याला हेड फिरवून मागची पट्टी वाचायला लावली: किमान चार ओहम. दोन चारची पॅरलल जोडली की दोन ओहम, मग वायर दोरखंडाएवढी असली तरी लाल दिवा ठरलेला. दोन लावायचीच तर आठ-आठची घे, मिळून चार होतात, आणि हे चारचं विकून टाक. तिसरी घंटा व्हायच्या आत त्याने विंगेतूनच कल्याणला फोन लावला आणि पलीकडच्याला पहिला प्रश्न विचारला, "दादा, तुमच्या ओळखीत आठ ओहमचं कोणाकडे आहे का?"