ठोकर लागली आणि कळच गेली

एप्रिल महिन्यात महामार्गालगतच्या आमच्या रुग्णालयात येणाऱ्या अपघातांत आंब्याच्या गाड्या हमखास असतात. रत्नागिरी-राजापूरकडून पेट्या भरून निघालेल्या पिकअपना उजाडायच्या आत वाशीचा बाजार गाठायचा असतो, त्यामुळे हे रुग्ण सहसा मध्यरात्रीनंतर येतात. त्या दिवशीचा रुग्ण संध्याकाळी सहाला आला. एक हात ओटीपोटावर दाबून, कमरेत वाकून, पण स्वतःच्या पायांनी चालत.

३५ वर्षांचा पिकअपचालक. पहाटे तीनच्या सुमारास माणगावच्या अलीकडे समोरच्या डंपरला मागून धडकला. वेग फार नव्हता, चाळीसच्या आसपास. सीटचा पट्टा लावलेला होता. डोक्याला मार नाही, हाड मोडलेलं नाही. दुसरी गाडी आली तेव्हा पेट्या चढवायला त्याने हातभारही लावला. पोट दुखत होतं म्हणून गोळी घेऊन नातेवाइकांकडे जाऊन पडला. दुपारपासून पोट फुगायला लागलं. लघवीला दोनदा गेला, दोन्ही वेळा लालसर चार थेंब.

अपघातानंतर लघवी झाली नाही असं ऐकलं की आधी हात बेंबीखाली जातो. लघवी तुंबली असेल तर तिथे नारळाएवढा गोल, टणक फुगवटा लागतो आणि त्यावर जरा दाबलं तरी रुग्ण कळवळतो. इथे फुगवटा नव्हताच. पोट सगळीकडून सारखंच तट्ट झालेलं, आणि बेंबीखाली आडवा, चार बोटं रुंद काळानिळा वळ. पट्ट्याचा. कमरेचा पट्टा खाली, दोन्ही बाजूंच्या हाडांवर बसायला हवा. याचा सरकून मऊ पोटावर आला होता.

"लघवी लागल्यासारखं वाटतंय का?" मी विचारलं.

"नाय मॅडम. रात्री लय जोराची लागली होती. ठोकर लागली आणि कळच गेली."

निदान या वाक्यातच होतं. तुंबलेल्या लघवीची कळ वाट करून दिल्याशिवाय जात नाही. इथे वाट झाली होती, फक्त भलतीकडे.

एवढी जोराची लागली होती तर थांबला का नाहीत, असं विचारल्यावर त्याने अगदी सरळ सांगितलं की तो ती मुद्दाम धरून ठेवतो. चिपळूणला एकच्या सुमारास लघवी करून घ्यायची, चहा प्यायचा आणि पुढच्या तासाभरात लिटरची बाटली संपवायची. मग वाशीपर्यंत थांबायचं नाही. "दाब असला की डोळा लागत नाय," हे त्याला एका जुन्या चालकाने शिकवलं होतं आणि तीन हंगाम तो तसंच करत होता.

पडताळायची पद्धत ठरलेली आहे, पण तिच्यात चकायच्या जागा बऱ्याच आहेत. आधी मूत्रमार्गाच्या तोंडाशी रक्त आहे का ते पाहायचं. असेल तर मार्गालाच इजा असू शकते, आणि तिथे नळी रेटली तर अर्धवट फाटलेला मार्ग पुरता तुटतो. याला रक्त नव्हतं. १६ नंबरची फोली, म्हणजे लघवीची नळी, सहज गेली आणि पिशवीत जेमतेम ४० मिली लालसर लघवी आली. पंधरा तास लघवी न झालेल्या माणसाच्या मूत्राशयात ४० मिली. सोनोग्राफीत यकृताखाली, आतड्यांच्या मधे, ओटीपोटात सगळीकडे काळं पाणी, आणि मूत्राशय चिमटलेलं. पडद्यावर रक्तही काळं दिसतं आणि लघवीही काळीच, म्हणून नुसत्या सोनोग्राफीवर थांबता येत नाही.

रक्ततपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं एरवी गाळून बाहेर टाकतात तो कचरा, ३.१ आलं; एरवी ते एकच्या आसपास असतं. हा सगळ्यांत मोठा चकवा. नुसता कागद पाहणारा मूत्रपिंडं गेली म्हणेल, डायलिसिसची भाषा करेल. मूत्रपिंडं ठणठणीत होती. ती गाळून खाली पाठवत होती ते पोटात सांडत होतं, आणि पोटाचं आतलं आवरण ते शोषून पुन्हा रक्तात ढकलत होतं. तीच घाण फिरून फिरून रक्तात येत होती.

खात्रीसाठी नळीतून मूत्राशयात एक्स-रेत दिसणारं औषध भरलं. सलाइनमध्ये पातळ करून, बाटली उंच टांगून, आपल्या वजनाने उतरेल तसं, ३५० मिली. हा आकडा महत्त्वाचा आहे. शंभर-दीडशे मिलीवर भोक स्नायूच्या घड्यांत मिटून राहतं आणि फोटो निर्दोष दिसतो. शिरेतून औषध देऊन, नळी बंद करून, मूत्राशय आपोआप भरायची वाट पाहिली तरी तीच चूक होते. मूत्राशय ताणलं गेलं पाहिजे. तसंच, रिकामं केल्यावर आणखी एक फोटो घ्यायचा, कारण मागच्या बाजूची गळती भरलेल्या मूत्राशयाआड लपते. आमच्या पहिल्याच फोटोत औषध आतड्यांच्या वेटोळ्यांभोवती पसरलेलं दिसलं. शस्त्रक्रिया रात्रीच करायची ठरली.

चाळीसच्या वेगाने एवढं का झालं, ते समजायला मूत्राशयाची जागा डोळ्यांपुढे आणावी लागते. रिकामं मूत्राशय ओटीपोटाच्या पुढच्या हाडामागे, चांगलं आडोशाला असतं. तिथे त्याला इजा व्हायची तर बहुधा कमरेचं हाडच मोडावं लागतं. भरत जातं तसं ते हाडाच्या वर, बेंबीच्या दिशेने चढतं आणि त्याच्यासमोर फक्त पोटाची भिंत उरते. भिंत ताणून पातळ झालेली, आत दाबता न येणारं पाणी. पट्ट्याचा किंवा स्टिअरिंगचा फटका बसला की तो दाब आत सगळीकडे सारखा पसरतो आणि सगळ्यांत कमकुवत जागा, म्हणजे माथा, उसवतो. माथ्यावर पोटाचं आवरण असतं, म्हणून लघवी थेट पोटात. दारू पिऊन भरल्या मूत्राशयाने पडलेल्या माणसांतही हीच जखम सापडते. एक वाजल्यापासून दोन तासांत, लिटरभर पाणी आणि वर चहा, याच्या मूत्राशयात सहाएकशे मिली तरी असणार. मोठ्या माणसाचं मूत्राशय साधारण ४०० ते ५०० मिलीचं असतं आणि पहिली जाणीव दीडशे-दोनशेलाच होते.

बेंबीखाली उभा छेद घेतला. जवळजवळ दोन लिटर लघवी शोषून काढली. माथ्यावर साडेपाच सेंटिमीटरची फाट, कडा स्वच्छ. टाके घालायची घाई इथे नडते. आधी फाटीतून आत बघायचं: दुसरी जखम आहे का, आणि मूत्रपिंडांकडून येणाऱ्या दोन्ही नळ्यांच्या तोंडांतून लघवी उडतेय का. दोन्हीकडून उडत होती. मग विरघळणाऱ्या २-० जाडीच्या धाग्याने टाक्यांचे दोन थर. न विरघळणारा धागा आत राहिला तर त्यावर खडा धरतो. नळीतून ३०० मिली निळं पाणी भरून टाके तपासले, कापडाला निळा ठिपकाही लागला नाही. पोट धुऊन ओटीपोटात निचऱ्याची नळी ठेवली. तिसऱ्या सकाळी क्रिएटिनिन १.०.

ज्या युक्तीने तो इथवर आला ती पूर्ण खोटी नाही, आणि म्हणूनच ती पसरते. ताणलेल्या मूत्राशयाचा निरोप मज्जारज्जूतून मेंदूच्या देठापर्यंत जातो, आणि लघवीचं नियंत्रण तिथे जागेपणाच्या केंद्रांच्या शेजारीच चालतं. रात्री लघवीने जाग येते ती त्यामुळेच. २०११ मध्ये मिर्यम तुक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पाणी पिऊन लघवी धरलेली माणसं लगेच मिळणाऱ्या थोड्या पैशांपेक्षा उशिरा मिळणारे जास्त पैसे निवडतात, म्हणजे मोहाला आवर जास्त घालतात. त्याच वर्षी ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन ब्रसेल्सच्या वाटाघाटींत लघवी धरून बसले, असं वर्तमानपत्रांत आलं होतं. पण मॅथ्यू लुईस, पीटर स्नायडर आणि सहकाऱ्यांचा त्याच वर्षीचा प्रयोग चालकांच्या जास्त कामाचा आहे. निरोगी माणसांना दर पंधरा मिनिटांनी २५० मिली पाणी देत, धरवेनासं होईपर्यंत त्यांचं लक्ष आणि स्मरण तपासलं. शेवटच्या टप्प्यात ते इतकं घसरलं की लेखकांनी त्याची तुलना चोवीस तासांच्या जागरणाशी केली. लक्षाचा मोठा भाग नुसतं धरून ठेवण्यात गुंततो. समोरच्या डंपरचे मागचे दिवे बघायला जे लक्ष हवं, तेच इथे खर्च होतं.

आणि झोप जात नाही ती नाहीच. जागरणाने मेंदूत साचलेला झोपेचा भार पाण्याने उतरत नाही. पहाटे दोन ते पाचच्या दरम्यान शरीराचं घड्याळही झोपेकडेच ओढतं. दोन-तीन सेकंदांची डुलकी उघड्या डोळ्यांनीही लागते. ताशी साठच्या वेगात तीन सेकंद म्हणजे पन्नास मीटर. मला सगळ्यांत जास्त सलतं ते याच्यापुढचं: लघवी तटतटलेल्या माणसाला गाडी बाजूला लावून दहा मिनिटंही डोळा लावता येत नाही. जो एकच खरा उपाय आहे, त्याची वाट ही युक्ती बंद करते.

बाराव्या दिवशी पुन्हा ३५० मिली औषध भरून फोटो काढला. गळती नव्हती. नळी काढली. त्याला पहिली लघवी मापाच्या भांड्यात करायला सांगितलं होतं, २२० मिली झाली. भांडं हातात धरून तो दारातच थांबला आणि म्हणाला, "मग रातीचं जागायचं कसं, ते सांगा."

त्याच्या डिस्चार्ज कार्डाच्या मागे लिहून दिलं. निघायच्या दिवशी दुपारी तीन तास झोप. दर दोन तासांनी थांबून लघवी, लागलेली असो वा नसो. पाणी घोट घोट, बाटली एकदम नाही. डोळे जड झाले, मागचा फाटा कधी गेला ते आठवेना, की पेट्रोलपंपाच्या उजेडात गाडी लावायची. आधी लघवी, मग एक कडक कॉफी किंवा चहा, आणि लगेच वीस मिनिटांचा गजर लावून सीट मागे. कॉफी अंगात भिनायला साधारण तेवढाच वेळ लागतो, म्हणून आधी प्यायची. उठल्यावर पाच मिनिटं गाडीभोवती फिरायचं, मगच चावी. पट्टा पोटावर नाही, कमरेच्या हाडांवर, बसल्यावर खाली ओढून.

वीस मिनिटं थांबलं तर बाजारात भाव चुकतो का, असं त्याने विचारलं. मग त्यानेच बोटांवर हिशेब केला: चिपळूणला एक थांबा, माणगावला एक. मिळून चाळीस मिनिटं. रत्नागिरीहून नऊऐवजी सव्वाआठला निघायचं. बागायतदाराला पेट्या तेवढ्या आधी भरून ठेवायला सांगतो म्हणाला, आणि कार्ड खिशात घातलं.