कंपनी काढायची नसली तरी उद्योजकता क्लबात का जावे

दांडिया बाजारातल्या घरी फोन लावला की अभ्यासाची, थंडीची आणि जेवणाची चौकशी संपल्यावर बाबांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "संध्याकाळी त्या क्लबात जातेस ना, तिथे तुम्ही नेमके करता तरी काय?" या प्रश्नामागची काळजी मला कळते. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या नोकरीच झाली आहे आणि 'उद्योजकता' म्हटले की मुलगी पदवी अर्धवट सोडून कर्ज काढणार, असे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. बडोद्यातल्या माझ्या मित्रमैत्रिणींच्या पालकांनाही हीच शंका असणार, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझ्या ओळखीत जे विद्यार्थी अशा क्लबात जातात त्यांच्यातल्या बहुतेकांनी कंपनी काढलेली नाही आणि काढतील असेही दिसत नाही. तरीही त्यांना तिथे जे शिकायला मिळते ते वर्गात मिळत नाही, असे माझे मत झाले आहे.

मी शिकते ते आल्टो विद्यापीठ फिनलंडची राजधानी हेलसिंकीला लागून असलेल्या एस्पो शहरात, ओतानिएमी नावाच्या भागात आहे. तांत्रिक विद्यापीठ, वाणिज्य महाविद्यालय आणि कला-अभिकल्प (डिझाइन) विद्यापीठ अशा तीन जुन्या संस्था एकत्र करून 2010 मध्ये ते स्थापन झाले. इथल्या विद्यार्थ्यांची उद्योजकता संघटना 'आल्टोईएस' त्याच सुमारास, 2009 मध्ये सुरू झाली. ती प्राध्यापकांनी काढली नाही, विद्यार्थ्यांनी काढली आणि आजही तेच चालवतात. त्या काळातला फिनलंड आपल्याला वाटतो तितका वेगळा नव्हता. हुशार अभियंत्याने नोकियात लागावे ही इथल्या घरांची अपेक्षा होती, जशी आपल्याकडे आयपीसीएल ही पेट्रोरसायन कंपनी, जीएसएफसी ही खत कंपनी किंवा तेल रिफायनरी यांत 'लागणे' ही होती. पुढे नोकियाचा मोबाइल फोनचा व्यवसाय घसरला, 2013 मध्ये तो मायक्रोसॉफ्टला विकण्याचा निर्णय जाहीर झाला आणि 2014 मध्ये व्यवहार पूर्ण झाला. आयपीसीएल 2007 मध्ये रिलायन्समध्ये विलीन झाली तेव्हा बडोद्यातल्या किती घरांत काय बोलणी झाली असतील, याची कल्पना वाचकांना माझ्यापेक्षा अधिक असेल. 'लागली की सुटलो' अशी नोकरी आता इथेही नाही आणि तिथेही नाही, ही गोष्ट इथल्या विद्यार्थ्यांनी थोडी आधी मनावर घेतली, इतकेच.

क्लबात सर्वांत जास्त वेळ कशात जातो, तर लोकांना प्रश्न विचारण्यात. एक उदाहरण देते. आमच्या गटात अभिकल्प शिकणारा एक फिनिश मुलगा, वाणिज्य शिकणारी एक व्हिएतनामी मुलगी आणि रसायन अभियांत्रिकीची मी, असे तिघे होतो. इथल्या विद्यार्थी वसतिगृहांत तळघरात सामाईक धुलाईखोली असते आणि आमच्या इमारतीत तिच्या दारावर वेळा लिहिण्यासाठी एक कागद आणि दोऱ्याने बांधलेली पेन्सिल लटकत असते. या कागदाऐवजी मोबाइल अॅप करावे, अशी आमची कल्पना होती. क्लबातल्या मार्गदर्शक मुलीने अॅपचे नावही काढू दिले नाही. तिची अट एवढीच होती की, "तुम्ही असे अॅप वापराल का" हा प्रश्न कोणालाही विचारायचा नाही, कारण समोरचा माणूस भिडेखातर "हो" म्हणतो आणि त्या होकाराला काडीची किंमत नसते. त्याऐवजी "गेल्या वेळी कपडे धुतलेत तेव्हा काय काय झाले, ते सांगा" असे विचारायचे आणि मग गप्प बसून ऐकायचे.

भिडेखातर "हो" म्हणण्यात आपण बडोदेकर कमी नाही. कोणाच्या नव्या दुकानात गेलो की "छान आहे हो" म्हणतो आणि खरेदी मात्र खंडेराव मार्केटातल्या नेहमीच्या दुकानातूनच करतो. त्यामुळे या अटीचे मर्म मला लगेच पटले, पण ती पाळणे अवघड होते. अनोळखी दार ठोठावून, कमी बोलणाऱ्या फिनिश माणसाला त्याच्या कपड्यांविषयी विचारणे, हे माझ्यासारख्या, पाहुण्यांसमोर चहा नेऊन ठेवण्यापलीकडे फारसे न बोलणाऱ्या मुलीला सोपे नव्हते. उत्तरे मिळाली ती भलतीच होती. कागद आणि पेन्सिल याविषयी कोणाचीच तक्रार नव्हती. अडचण होती ती कपडे वाळण्याची, कारण हिवाळ्यात सगळे ओले कपडे छोट्याशा खोलीत टांगावे लागतात आणि खोलीला कुबट वास येतो. दुसरी अडचण होती नाव लिहून न येणाऱ्यांची. अॅप असते तरी न येणारे आलेच नसते. त्या आठवड्यातच आम्ही कल्पना सोडून दिली. तोवर एका ओळीचाही प्रोग्राम लिहिलेला नव्हता आणि खर्च झाला होता तो फक्त काही संध्याकाळींचा आणि बऱ्याच कॉफीचा. सहा महिने खपून तयार केलेली वस्तू कोणी घेत नाही हे नंतर कळण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडते. नोकरीतही ही सवय कामाला येते, कारण तिथे वरिष्ठांनी सांगितलेली अडचण आणि यंत्रावर काम करणाऱ्याची अडचण एकच असेल असे नाही.

दुसरी गोष्ट हिशोबाची. वाणिज्य शाखेच्या मुलांना ती नवी नसेल, पण अभियांत्रिकी आणि कला शाखेतून आलेल्यांना एका नगामागे खर्च किती आणि हाती उरते किती, हे मांडायला क्लबात पहिल्यांदा शिकवले जाते. भाडे, वीज यांसारखा विक्री होवो न होवो द्यावाच लागणारा खर्च वेगळा काढायचा, प्रत्येक नगाबरोबर वाढणारा खर्च वेगळा काढायचा, आणि मग किती नग विकले म्हणजे खर्च भरून निघतो ते पाहायचे. हे शिकल्यावर मी पहिला प्रयोग आमच्या काकूवर केला. काकू दिवाळीत चकली आणि अनारशांच्या ऑर्डरी घेते. व्हिडिओ कॉलवर तिचा हिशोब ऐकला तर त्यात भाजणी, तेल, तूप, गूळ आणि डबे एवढेच होते. गॅस नव्हता, माल पोहोचवणाऱ्या चुलतभावाच्या स्कूटरचे पेट्रोल नव्हते आणि पहाटेपासून तळणाऱ्या तिच्या वेळेचा तर पत्ताच नव्हता. "अगं, घरचा गॅस, घरचे हात, त्यांचे कसले पैसे धरायचे?" असे ती म्हणाली. तिच्या वेळेला स्वयंपाकीणबाईंच्या रोजाएवढी जरी किंमत लावली तरी चकलीवर काहीच उरत नव्हते. या दिवाळीत तिने चकलीचा भाव वाढवला. अनारशांचा मात्र हट्टाने तोच ठेवला, कारण अनारसे ती हौसेने करते. हौस आणि धंदा असे वेगळे खाते मांडणेही हिशोबच आहे, असे मला वाटते.

मैत्री आणि पैसा यांची गाठ कशी बांधावी, हा विषय आपल्याकडे टाळला जातो. क्लबात त्यावर एक अख्खी संध्याकाळ असते. तीन मित्र कंपनी काढतात, समान वाटे करतात, चार महिन्यांनी एकाला चांगली नोकरी मिळते आणि तो एक तृतीयांश मालकी खिशात घालून निघून जातो. उरलेले दोघे पुढची कित्येक वर्षे त्याच्यासाठीही राबतात. हे टाळण्यासाठी 'व्हेस्टिंग' नावाची व्यवस्था असते. सर्वसाधारण प्रघात असा की, समभाग चार वर्षांत टप्प्याटप्प्याने पक्के होतात आणि पहिले वर्ष पुरे होण्याआधी सोडून जाणाऱ्याला काहीच मिळत नाही. आपल्याकडे छोटा धंदा बहुधा भागीदारीत आणि तोंडी भरवशावर सुरू होतो. अशा वेळी 1932 च्या भारतीय भागीदारी कायद्यातली एक तरतूद माहीत असलेली बरी: वेगळा करार नसेल तर भागीदारांचा नफ्यात समान वाटा असतो आणि तोट्यातही. रात्रंदिवस राबणारा आणि फक्त रविवारी डोकावणारा, दोघेही कायद्याला सारखेच. कागद करायचा म्हणजे अविश्वास दाखवायचा, हा समज विशीतच सुटलेला चांगला.

जबाबदारीविषयी लिहायचे तर 'स्लश'चा उल्लेख करायला हवा. नवउद्योजक आणि गुंतवणूकदार यांचा हा मेळावा 2008 मध्ये अगदी लहान स्वरूपात सुरू झाला आणि 2011 पासून त्याची सूत्रे विद्यार्थ्यांकडे आली. आता दर नोव्हेंबरात हेलसिंकीच्या प्रदर्शन केंद्रात 13 हजारांच्या आसपास माणसे येतात आणि हजाराहून अधिक स्वयंसेवक काम करतात. मिकी कुसी हा तरुण काही वर्षे स्लशचा प्रमुख होता आणि त्याने 2014 मध्ये साथीदारांसह 'वोल्ट' ही घरपोच जेवण पोहोचवणारी कंपनी काढली, जी पुढे अमेरिकेच्या डोरडॅशने घेतली. माझा वाटा कोट ठेवण्याच्या कक्षातला. हसू नका, नोव्हेंबरात इथे प्रत्येकाच्या अंगावर ब्लँकेटाएवढा कोट असतो आणि सकाळच्या पहिल्या तासात ते सगळे एकदम अंगावर येतात. कक्षाची प्रमुख विशीतली विद्यार्थिनी होती. तिच्याकडे वॉकीटॉकी होता, रांगांचा नकाशा होता आणि गेल्या वर्षीच्या प्रमुखाने लिहून ठेवलेली टिपणे होती: कोणत्या वेळी गर्दी उसळते, बिल्ले कोणत्या बाजूला ठेवू नयेत, काळ्या कोटांत घोळ कसा होतो. मेळावा संपल्यावर, पाय दुखत असतानाच, तिने पुढच्या वर्षीसाठी स्वतःची टिपणे लिहायला घेतली.

हे पाहताना मला आमच्या गल्लीतले गणेशोत्सव मंडळ आठवले. तिथेही वर्गणी, मांडव, विसर्जनाची मिरवणूक हे सगळे पोरेच करतात आणि चोख करतात, पण खजिनदार काका वर्षानुवर्षे तेच असतात आणि सारे हिशोब, सगळ्या ओळखी त्यांच्याच डोक्यात असतात. क्लबात दरवर्षी पदाधिकारी बदलतात, म्हणून काम लिहून दुसऱ्याच्या हाती द्यावेच लागते. स्वतःवाचून काम अडू नये अशी व्यवस्था लावता येणे, ही मला क्लबाची सर्वांत मोलाची देणगी वाटते, आणि परिचयपत्रात लिहायला ती सर्वांत अवघड आहे.

इथे 13 ऑक्टोबरला 'अपयशाचा दिवस' पाळतात. त्याची सुरुवातही 2010 मध्ये विद्यार्थ्यांनीच केली. त्या दिवशी माणसे आपले फसलेले उद्योग जाहीरपणे सांगतात. कल्पना चांगली आहे, पण खरे सांगायचे तर त्यात थोडा दिखावाही असतो. पुढे यशस्वी झालेल्याला जुने अपयश सांगायला काहीच लागत नाही. ज्याचे पैसे कालच बुडाले तो सहसा व्यासपीठावर नसतो.

क्लबाचे जे गोडवे गायले जातात त्यातले बरेचसे मी वजा करून सांगते. पाच मिनिटांच्या सादरीकरणाच्या स्पर्धा, टीशर्ट, प्रमाणपत्रे आणि 'नेटवर्किंग'च्या नावाखाली खाल्लेला फुकटचा पिझ्झा यांनी फारसे काही साधत नाही. सतत स्पर्धाच जिंकत फिरणारे आणि एकही वस्तू न विकलेले गट इथेही आहेत. वेळ जातो ही बाबांची तक्रारही खरी आहे. परीक्षेच्या आठवड्यांत क्लब बंद ठेवण्याचे शहाणपण ज्याचे त्याने दाखवावे लागते. परदेशी विद्यार्थ्याला आणखी एक गणित मांडावे लागते: फिनलंडच्या सध्याच्या नियमांनुसार विद्यार्थी परवान्यावर सरासरी आठवड्याला 30 तासांपर्यंत काम करता येते आणि शिक्षण संपल्यावर नोकरी शोधण्यासाठी किंवा व्यवसाय सुरू करण्यासाठी दोन वर्षांपर्यंतचा परवाना मिळू शकतो. त्यामुळे क्लबातला प्रत्येक तास पोटापाण्याच्या कामाच्या तासाशी ताडून पाहावा लागतो. सगळ्यांनाच हे परवडत नाही, हे मान्य केले पाहिजे.

बडोद्याच्या विद्यार्थ्यांना यासाठी फिनलंडला येण्याची गरज नाही. शिकता शिकता कारखाना उभारण्याचा विचार आपल्या शहराला नवा नाही. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन काढले ते हाताला काम शिकवण्यासाठी, आणि त्याचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांनी कोटिभास्कर आणि बी. डी. अमीन यांच्यासह 1907 मध्ये अलेंबिक या औषध-रसायन कंपनीची स्थापना केली. आता गुजरात सरकारचे विद्यार्थ्यांसाठीचे स्टार्टअप व नवोपक्रम धोरण आहे. ते 2017 मध्ये आले, 2022 मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली, आणि नमुना-यंत्र बनवण्यासाठी व पेटंटसाठी त्यातून मदत मिळते. महाविद्यालयात ई-सेल, म्हणजे विद्यार्थ्यांचा उद्योजकता कक्ष, असेल तर आत शिरण्यापूर्वी तिथल्या वरच्या वर्गातल्या मुलांना दोन गोष्टी विचाराव्यात: गेल्या महिन्यात ते महाविद्यालयाबाहेरच्या किती माणसांशी त्यांच्या कामाविषयी बोलले, आणि गेल्या वर्षीच्या पदाधिकाऱ्यांनी काय लिहून ठेवले आहे. दोन्हींची उत्तरे गोलमोल आली तर तो क्लब म्हणजे कार्यक्रम भरवणारे मंडळ आहे असे समजावे.

शेवटच्या वर्षाचे प्रकल्प दरवर्षी ढिगाने तयार होतात, अहवालाला सोनेरी अक्षरांचे जाड पुठ्ठे बांधले जातात आणि ते कपाटात जातात. यंदा एखाद्या गटाने पुठ्ठा बांधण्याआधी आपले यंत्र रिक्षात घालून मकरपुऱ्याच्या जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत न्यावे, लेथवर काम करणाऱ्या कारागिराला "हे कसे वाटते" असे न विचारता "काल तुमचे काम कुठे अडले होते" असे विचारावे, आणि त्याने जे सांगितले ते अहवालात जसेच्या तसे लिहावे. क्लबाच्या पहिल्या सत्राला एवढे काम पुरेसे आहे, आणि त्याला कोणाच्या परवानगीची किंवा निधीची गरज नाही.