सव्वीसचा टायर, पण कुठला सव्वीस?

इंदुरात कुठल्याही सायकलच्या दुकानात "सव्वीसचा टायर" म्हटलं की २६ × १ ३/८ पुढ्यात येतो. माझ्या रॅले लेंटनला, म्हणजे रॅले कंपनीच्या जुन्या इंग्लिश सायकलला, तो चालत नाही, तिला २६ × १ १/४ लागतो. जुन्या काळी टायरचा आकार हवा भरलेल्या टायरच्या बाहेरून मोजत. बाहेरून दोन्ही सव्वीस इंचच, म्हणून टायर बारीक असेल तर रिम मोठी. एक रिम ५९० मिलिमीटरची, दुसरी ५९७ ची. सात मिलिमीटर म्हणजे किती ते टायर चढवताना कळतं! शेवटी परदेशातून मागवले. कस्टमसकट काय आकडा झाला ते घरात सांगितलेलं नाही.

सायकल महूची, इंदूरजवळच्या लष्करी छावणीतली. ज्यांच्याकडून घेतली त्यांचे आजोबा फौजेत होते. मागच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर (तीन गिअर त्याच्या आतच असतात), 'एडब्ल्यू' हे मॉडेलचं नाव आणि शेजारी ५२ ठोकलेलं आहे. हब बनवणारे स्टर्मी-आर्चरवाले त्यावर साल ठोकत, त्यामुळे सायकलच्या वयाची पहिली साक्ष तिथेच मिळते. रॅलेचा बगळ्याचा बिल्ला शाबूत, आणि सीटखालच्या नळीवर रेनॉल्ड्स ५३१ चं, म्हणजे फ्रेमच्या नामांकित पोलादी नळ्यांचं, स्टिकर अर्धं शिल्लक.

हिला रेसिंग सायकल म्हणावं का, यावर माझं आणि मुलाचं एकमत नाही. इंग्लंडचा सायकलपटू रेग हॅरिस १९४९, ५०, ५१ आणि ५४ साली व्यावसायिकांच्या स्प्रिंटमध्ये जगज्जेता झाला आणि रॅलेने त्याच्या नावावर लेंटन खपवल्या. तो जिंकला त्या ट्रॅकच्या सायकली अर्थातच वेगळ्या. तेव्हा घराणं शर्यतीचं, एवढं मी मान्य करतो.

माझा नियम सोपा आहे: १९५२ साली दुकानात जे मिळत होतं तेच हिच्या अंगावर. मुलाला कॅम्पाग्नोलोचा न्यूओवो रेकॉर्ड गिअर लावायचाय. देखणा आहे, वादच नाही, पण तो १९६७ चा. नऊवारीवर स्नीकर्स घातल्यासारखं दिसेल ते.

खरा घोळ पेडलच्या अक्षाच्या कपांनी घातला. हे कप अक्षाच्या दोन्ही टोकांना, फ्रेममध्ये आट्यांनी बसतात. इंग्लिश सायकलींना इंचाला २४ आटे असतात, रॅलेच्या नॉटिंगहॅमच्या कारखान्याचे मात्र २६. कप हातात घेतले तर फरक दिसत नाही. दोन फेरे नीट जातात आणि मग अडतात. आमच्या उस्तादांनी पाना उचलला होता, "भिया, थोड़ा ज़ोर लगेगा, बैठ जाएगा." मी तो हातातून काढूनच घेतला. जोर लावला असता तर फ्रेमचे आटेच गेले असते. जुनेच कप रॉकेलमध्ये घासून, छर्रे नवे टाकून बसवले. चेनकडचा कप उलट्या आट्यांचा असतो, एवढं उस्तादांना पाठ होतं.

रंगाला हात लावलेला नाही. पावडर कोटिंगवाल्याने "एकदम शोरूम करून देतो" म्हटलं. म्हणजे आधी वाळूच्या माऱ्याने सगळं खरवडणार, रेनॉल्ड्सच्या स्टिकरसकट. नको रे बाबा! क्रोमवरचा गंज काढायला ॲल्युमिनियम फॉइल ओली करून हलक्या हाताने घासली. ती क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडे पडत नाहीत. "अहो, ती कचोऱ्यांसाठी आणली होती," हे उशिरा ऐकू आलं.

हबमध्ये ग्रीस भरू नका, वरच्या झाकणातून पातळ तेल सोडायचं. आणि केबल नीट लावा. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या मध्ये या हबला एक रिकामी जागा आहे, केबल ढिली असेल तर पेडल तिथे एकदम मोकळं फिरतं. उभं राहून पेडल मारत असाल तर थेट दांडीवर! लिव्हर दुसऱ्या गिअरवर ठेवायचं आणि नटाच्या खिडकीतून बघायचं: आतल्या सळीचं टोक ॲक्सलच्या टोकाशी बरोबर समपातळीत हवं.

आता पंप तेवढा राहिलाय. फ्रेमवरच्या खुंट्यांमधलं अंतर १८ इंच आहे. ब्लूमेल्सचा सेल्युलॉइडचा पंप कुणाच्या माळ्यावर पडून असेल तर सांगा. वॉशर वाळलेला असला तरी चालेल, तो मी कापून घेईन. देवास, उज्जैन, कुठेही यायला तयार आहे.